शैलाताईंचा शनिवारचा वर्ग

शैलाताई नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, पोस्टकोड विचारतात. तो कळला की डोळे मिटून कुठली शाळा किती मीटरवर आणि तिथे मुलाचा नंबर लागेल का, हे सांगून मोकळ्या होतात. "अंतर सरळ रेषेत मोजतात बरं, बसच्या रस्त्याने नाही," हे लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोतल्या प्रत्येक मराठी आईबापाने त्यांच्याकडून ऐकलंय. गणपतीत ऐन आरतीत एका नव्या जोडप्याच्या कानात त्या हेच सांगत होत्या.

हीथ्रोवर विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यापासून दर शनिवारी लायब्ररीत गणित आणि इंग्रजी शिकवतात, तेही फुकट. पण एकाच शाळेच्या मुलांना. प्रवेशाच्या फॉर्मवर पसंतीच्या सहा शाळांत जिचं नाव पालक सगळ्यात शेवटी लिहितात, ती आमच्या भागातली शाळा. चांगल्या शाळेतलं कुणी आलं तर बिस्किट देऊन परत पाठवतात. "तुमच्याकडे शिक्षक टिकतात ना? मग जा."

चुकलेल्या गणितावर त्या फुली मारत नाहीत. पेन्सिलीने लिहितात, 'परत बघू या?' तेही मराठीत. त्यामुळे वर्गातल्या सोमाली आणि पोलिश मुलींना एवढं मराठी वाचता येतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या मुलीला, इराला, नेमकी तीच शाळा मिळाली. वरच्या पाचांपैकी एकही नाही. माझी बायको रश्मी दिवसभर रडली. शेवटी आम्ही ठरवलं, इराने लंडनच्याच दुसऱ्या भागात, हॅरोला माझ्या भावाकडे राहायचं, तिथल्या चांगल्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव घालायचं आणि शुक्रवारी घरी यायचं. हे नियमात बसतं का, ते विचारायला आम्ही शैलाताईंकडे गेलो.

त्यांनी नियम सांगितलाच नाही.

"मेधाला मी असंच ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "हॅरोला, माझ्या मैत्रिणीकडे, नलूकडे. अकरा वर्षांची होती. शाळा उत्तम मिळाली, निकालही उत्तम लागले."

मेधा त्यांची एकुलती एक मुलगी, कार्डिफला डॉक्टर आहे. मी म्हटलं, मग चांगलंच झालं की.

"शुक्रवारी घरी यायची, पण बॅग उघडायची नाही. मला वाटायचं, दमली असेल."

तेवढ्यात मेधाचाच फोन आला. शैलाताईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या स्पीकरवर बोलतात. "कशा आहात तुम्ही? जेवलात का?" मेधाने विचारलं. इथे वाढलेल्या मुलांचा तू-तुम्हीचा घोळ होतो, तसंच असेल, असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "काल नलूमावशीशी बोलले. तिला म्हटलं, तू एकटी जिना उतरत जाऊ नकोस."

"बरं केलंस," शैलाताई म्हणाल्या.

रश्मीने माझ्याकडे पाहिलं. हॅरोचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

इरा आता त्याच शाळेत जाते. दोन टर्ममध्ये तिला गणिताच्या तीन शिक्षकांनी शिकवलं. शनिवारी मात्र ती लायब्ररीत सगळ्यांच्या आधी हजर असते. परवा तिला आणायला गेलो, तर ती वहीत डोकं खुपसून म्हणत होती, "शैलाआजी, थांब ना, तू सांगू नकोस."

मी दटावलं, "इरा, तुम्ही म्हणावं."

शैलाताईंनी मला हातानेच थांबवलं.

"म्हणू दे तिला," त्या म्हणाल्या.