वाळूच्या बादलीत वीस वेळा

"अवजारं कशी ठेवायची असतात, ते एकदा दाखवतोच तुला!" असं बायकोला ऐकवून मोजपट्टीने बाह्या वर सारल्या. कारखान्याचं भांडार एकतीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेला माणूस. मोजपट्टी हे नाव मेहुणीने लग्नातच ठेवलं होतं, आणि ते आजवर कुणाला बदलावंसं वाटलं नव्हतं.

बायको चार दिवस त्याच मेहुणीकडे निघाली होती. "दाखवा," ती चपला घालत म्हणाली, "पण परसातल्या खोलीत उलथापालथ नको."

नको म्हणजे काय! ती वळणाआड होताच खोली रिकामी झाली. खुरपं, फावडं, कुदळ, दंताळं, छाटणीच्या कात्र्या. ह्याने गंज तारेच्या ब्रशने खरवडला, दांडे घासले, कात्र्यांना धार लावली, भिंतीवर खिळे ठोकून खाली नंबर टाकले. उरली होती कारखान्यातली खास युक्ती: बादलीभर कोरड्या वाळूत तेल ओतायचं आणि पातं वीस वेळा खुपसायचं. वाळू घासते, तेल गंज धरू देत नाही. आणि कोपऱ्यात वाळूची बादली आयती भरलेली! बायकोलाही कधीकधी दूरदृष्टी असते म्हणायची.

खुरपं आत गेलं. कर्रर्र! "निघाला गंज!" तो खूश. कुदळीने तर आणखी जोरात साथ दिली. शेवटी दंताळं वर आलं, ते दातांवर बटाट्यासारखं काहीतरी टोचून घेऊन. तेव्हा कुठे त्याने चष्मा लावला.

डेलियाचे कंद! सासूबाई गेल्या, त्यांचं घर विकलं, तेव्हा बायकोने ना भांडं मागितलं ना दागिना. हे कंद तेवढे पिशवीत घालून आणले. दर वर्षी झाड सुकलं की ती ते वाळूत निजवायची.

 मोजपट्टीने कंद साबणाने धुतले, टॉवेलने तान्ह्या बाळासारखे टिपले, आणि मग नवे आणायला रोपवाटिकेत धावला. कुणाला कळतंय!

"डेलिया द्या. आमच्याकडे आहे तस्साच."

"रंग?" रोपवाल्याने विचारलं.

 सतराशे नटबोल्टांचे कप्पे मोजपट्टीला आजही पाठ होते. आणि बावीस वर्षं त्याच्या चहाच्या खुर्चीसमोर फुलणारं फूल... "लाल असेल."

"असेल? काका, झाड तुमचंच ना?"

त्याने बाजूला जाऊन मेहुणीला फोन लावला. "सहज विचारतो, आईंच्या डेलियाचा रंग कोणता गं?"

"भावोजी, तुम्ही आणि फुलाची चौकशी? काय फोडलंत?"

"काही नाही! ताईला बोलू नकोस."

"ताई ऐकतेय. फोन स्पीकरवर मध्ये ठेवलाय, आम्ही दोघी भाजी निवडतोय."

मग बायकोचा आवाज आला. "वाळूची बादली?"

"हो."

"किती राहिले?"

हा प्रश्न त्याच्या खात्यातला होता. "अखंड तीन, तुकडे सव्वीस," तो घडाघडा म्हणाला. "रंग सांगता आला नाही गं मला."

"नवे आणू नका," ती म्हणाली. "उद्या येते."

आली, ती पायरीवर बसून एकेक तुकडा उजेडाला धरून पाहू लागली. कोंब फुटायचा डोळा शाबूत असलेले बाजूला काढले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्याला फार वाटलं. अखंड तिघांतल्याही एकाचा डोळा गेला होता; लावण्याजोगे निघाले दोनच. त्यातला एकच रुजला.

फूल आलं त्या सकाळी तो चहा विसरून समोर उभा राहिला. "फिका जांभळा! पाकळीची कड पांढरी! बघ, आता मला कधीही कुणीही विचारू दे."

बायकोने फुलाला हळूच बोट लावलं. "आणि हॉलच्या खिडकीला बारा वर्षं पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

तो आत जाऊन पाहून आला. फिके जांभळे. कड पांढरी.

आणि दर महिन्याला ते काढून, धुऊन, पुन्हा लावायचं काम त्याचंच होतं!