शेगडीला धूर लागू नये म्हणून

धुराचा पराभव कसा करावा, हे मला पुरते ठाऊक होते! आमच्या चिमुरडीचा, चिमीचा खोकला औषधांना दाद देत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाटल्या बदलू नका, चूल बदला." त्याच संध्याकाळी मी विजेची शेगडी घरी आणली, काळी, गुळगुळीत, जणू चांदण्या पुसून टाकलेला आकाशाचा तुकडा!

"उद्यापासून या घरात धूर औषधालाही सापडणार नाही!" मी जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परतलो, तर दारातच धुराने मला कडकडून मिठी मारली! आत चुलीवर चहाचे आधण, चुलीपुढे आई, आणि आईच्या मांडीवर खोकणारी चिमी.

"आई, शेगडी कुठंय?"

"आतल्या खोलीत, पलंगावर. इथं धूर किती आहे, बघतोयस ना? काळवंडली असती बिचारी!"

आत डोकावलो. खिडकीच्या मोकळ्या वाऱ्यात, विणलेल्या रुमालाखाली शेगडी बाळंतिणीसारखी विसावली होती. भोवती शेजारणींचा घोळका.

"आणि हा एवढा चहा?"

"शेगडी बघायला आल्यात ना त्या! सकाळपासून रीघ लागलीय. कोरड्या तोंडाने पाठवू?"

"अहो, मी सांगून थकले," बायको कुजबुजली. "आई म्हणतात, नव्या वस्तूला एवढ्यात राबवायचं नाही."

चिमीला पुन्हा उबळ आली. तो इवलासा जीव नखशिखान्त हादरला, आणि माझा संयम संपला! मी चिमीला पलंगावर नेऊन ठेवले, शेगडी स्वयंपाकघरात आणली, चुलीत तांब्याभर पाणी ओतले आणि गरजलो, "आज भाजी मी करणार!"

शेगडीची बटणे मला ओळख देईनात. एक दाबले, तिने शीळ घातली. दुसरे दाबले, ती रुसली. सगळी दाबली, तेव्हा भाजी पाहता पाहता कोळशात विलीन झाली! शेजारणी डोळे पुसत पळाल्या.

"सरक बाजूला!" आई कडाडली. "लाकडावाचून एवढा धूर काढणारा माणूस जन्मात पाहिला नाही मी! त्या शेगडीचे हाल बघवत नाहीत. कुठलं बटण गं?"

"हे, आई," बायकोने झटकन दाखवले.

तेव्हापासून शेगडी आईच्या ताब्यात आहे. चिमीचा खोकलाही ओसरत चालला आहे. मला मात्र स्वयंपाकघरात मज्जाव!

"डॉक्टरीणबाईंनीच बजावलंय," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पोरीला धुरापासून लांब ठेवा म्हणून!"