येऊ द्या, येऊ द्या!

"हायवेने जाणं म्हणजे पाइपातून जाणं," मास्तर नाश्त्याच्या टेबलावर म्हणाले. "या टोकाला शिरा, त्या टोकाला बाहेर पडा. मधला देश कुणी बघायचा?"

मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना परदेश फळ्यावर दाखवला आणि आता तो बरोबर आहे की नाही हे तपासायला स्वतः आले होते. सोबत मास्तरीणबाई, बाईंची धाकटी बहीण आणि धाकटीचे यजमान, म्हणजे मास्तरांचे साडू. माणसं चार आणि भाड्याच्या गाड्या दोन. एका गाडीत सामान मावत नाही, हे सांगायचं कारण. खरं कारण असं की एका गाडीला स्टिअरिंग एकच असतं.

"मधला देश तुम्ही बघा," साडू पावाला लोणी फासत म्हणाले. साडूंचा धंदा गाड्या विकायचा, त्यामुळे त्यांच्या तोंडून वाक्यंही गिऱ्हाईक पटवल्यासारखी निघत. "आम्ही हायवेने दोन तासांत तळ्यावर. शंभराच्या खाली गाडी चालवली की माझा पाय दुखतो. बरं, तळ्याकडची खोली कुणाची?"

हा प्रश्न कालपासून चौघांच्या मध्ये घुटमळत होता. तळ्याकाठच्या त्या घरात खोल्या दोनच. एका खोलीला सज्जा, आणि सज्ज्यासमोर अख्खं तळं. दुसरीच्या खिडकीखाली स्वयंपाकघराचा पंखा, तो दिवसभर जळक्या तेलाची हवा वर पाठवणार.

"आधी पोचेल त्याची," मास्तर म्हणून गेले.

"ठरलं!" साडूंनी लगेच हात पुढे केला.

आता बायको टेबलाखालून पाय दाबणार, असं मास्तरांना वाटलं. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "चालेल. मला निसर्ग फार आवडतो."

मास्तर चमकले. परवाच डोंगरातल्या रेल्वेत सगळा निसर्ग खिडकीबाहेरून जात असताना ही बाई तोंड उघडं टाकून झोपली होती. पण पदरात पडलं ते पवित्र मानावं, उलटतपासणी करू नये, इतका संसार मास्तरांनी केला होता.

निसर्ग मास्तरांनाही बेताचाच आवडायचा. खरी भानगड वेगळी होती. पहिल्या दिवशी ते एकटेच गाडी आणायला गेले होते. परतीच्या वाटेवर महामार्ग आला. त्यात शिरायची जी तिरकी पट्टी असते, तिच्यावर मास्तर दिवा मिचकावत उभे राहिले. समोरून तिमजली इमारतींएवढे ट्रक सूं सूं करत जात होते. मधे फट दिसे, मास्तर "आता" म्हणत, तोवर फट निघून जाई. अशी एकोणीस मिनिटं गेली. मागच्यांनी आधी हॉर्न वाजवले, मग खिडक्या उघडून काहीबाही म्हटलं. भाषा कळत नव्हती, आशय कळत होता. शेवटी पट्टीच्या कडेने शेतात उतरणारी एक कच्ची वाट दिसली, ती धरून मास्तर गावागावांतून दोन तासांनी परतले आणि म्हणाले, "ऑफिसात केवढी रांग!" त्या क्षणी ते आडरस्त्यांचे भक्त झाले. ही गोष्ट बायकोला कळली असती तरी चाललं असतं एक वेळ, पण तिला कळलेलं धाकटीला कळायला एक फोन पुरतो आणि धाकटीला कळलेलं साडूंना कळायला तेवढाही लागत नाही.

साडेनऊला दोन्ही गाड्या निघाल्या. साडूंनी कोपऱ्यावरून हात हलवला आणि ते महामार्गाच्या पाटीकडे वळले. मास्तर उलट्या दिशेला.

मास्तरांच्या गाडीत शेजारची सीट नकाशाची. बाई मागे बसत. कारण पुढे बसल्या की त्या नसलेला ब्रेक दाबत आणि मास्तरांचा असलेला ब्रेक गोंधळून जाई. मागे बाईंच्या शेजारी मोठी बॅग, तिच्यावर बाईंनी आपली शाल टाकलेली आणि शालीवर उन्हाची टोपी. बाईंचा फोन पुढे लावलेला, कारण परदेशात चालणारा तेवढाच होता. त्यातली बाई दर दोन मिनिटांनी "महामार्गावर परत जा" म्हणत होती. चौथ्यांदा म्हणाली तेव्हा मास्तरांनी तिला बंद केलं.

"एका गाडीत दोन बायका सूचना द्यायला लागल्या तर माणसाने काय करावं?" ते म्हणाले.

"मी कुठे बोलले?"

"बोलणार होतीस."

रस्ता छान होता, मग अरुंद झाला, मग त्याने रस्तापणाच सोडला. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती, वर काटेरी झुडपं, आणि मधे एक गाडी जाईल एवढी फट. बरोब्बर मधोमध आल्यावर समोरून दुधाचा टँकर आला. टँकरमागे तीन गाड्या. थोड्या वेळाने मास्तरांच्या मागेही दोन.

टँकरवाल्याने हाताने दाखवलं, की तुमच्या मागे पन्नास पावलांवर रस्ता जरा फुगलाय, तिथे मागे घ्या.

इथे मास्तरांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. गेली अठ्ठावीस वर्षं मास्तरांनी बायकोशिवाय गाडी मागे घेतलेली नव्हती. मास्तर आरशात बघत नसत, मान वळवत नसत. बाई मागे उभ्या राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत आणि डिकीवर थाप मारत. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे झालं, आता निघा. मग बाई मागचं दार उघडून बसत, दार धाडकन लावत, आणि मास्तर गिअर टाकत. इतकी वर्षं यात चूक झाली नव्हती, कारण आसपास थापा मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

"उतर," मास्तर म्हणाले.

बाई उतरल्या. पदर खोचला. आधी मागच्या दोन गाड्यांसमोर जाऊन त्यांना हाताने ढकलल्यासारखं करत मागे नेलं. मग मास्तरांकडे वळल्या.

"येऊ द्या… येऊ द्या… डावीकडे… अहो, तुमच्या डावीकडे! येऊ द्या… भिंत आहे, प्रेमाने… बास!" थाप.

मास्तर फुगवट्यात बसले. टँकर पुढे सरकला आणि मास्तरांच्या शेजारी येऊन अडकला. त्याचा आरसा मास्तरांच्या काचेला लागला, शेपूट भिंतीला. टँकरवाला उतरला, डोकं खाजवू लागला. बाईंनी त्याला बोटाने परत वर चढायला सांगितलं. "बसा तुम्ही. मी बघते." तो बसला. बाई टँकरच्या मागे गेल्या. "येऊ द्या… येऊ द्या…" त्या माणसाला मराठीचा गंध नव्हता, पण तो येत होता. त्याच्या मागच्या तिघांनाही बाईंनी आधीच रांगेने मागे, बाजूच्या शेताच्या फाटकात नेलं होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी टँकर सुटला आणि मागे सरकत तोही त्या फाटकात शिरला. बाईंनी त्याच्या पत्र्यावर दोन दणदणीत थापा मारल्या. तेवढ्यात टँकरवाल्याने आपलं अर्धवट लागलेलं दार उघडून धाडकन लावलं.

दोन थापा, दार. मास्तरांनी गिअर टाकला आणि निघाले. टँकरपलीकडून बाई ओरडल्या, पण तेव्हा सगळ्यांनी मिळून आनंदाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

पाच मिनिटं झाली. मागून शब्द नाही.

मास्तरांनी आरशात पाहिलं. शाल, शालीवर टोपी. मान जरा खाली. 'रागावली,' त्यांनी ताडलं. बाईंच्या अबोल्याचे प्रकार मास्तरांना पाठ होते. साधा अबोला चहापर्यंत टिकतो, माहेरच्यांवरून झालेला दोन दिवस. उन्हात उभं केल्याचा हा नवा होता, त्याची मुदत ठाऊक नव्हती.

"बघ, काय टेकडी आहे!" मास्तर म्हणाले.

टेकडी गेली. उत्तर आलं नाही.

"दमलीस का? अगं, मघाशी तू होतीस म्हणून. नाहीतर अजून तिथेच असतो."

शांतता. रस्त्यात खड्डा आला तशी टोपी किंचित हलली. मास्तरांना धीर आला.

"बरं, फोन बंद केला ते चुकलंच. आणि 'दोन बायका' म्हणालो, तेही." आणखी एक मैल गेला. अबोल्यासमोर माणूस गुन्हे कबूल करत सुटतो, विचारलेले आणि न विचारलेलेही. मास्तरांनी गेल्या वर्षीच्या तुटलेल्या कुंडीचं सांगितलं, ती मांजराने पाडली नव्हती. धाकटीच्या लग्नाच्या वाढदिवशी पोटात दुखत नव्हतं, हेही सांगितलं. तरी मागे सामसूम. मग मात्र मास्तरांनी हात टेकले.

"खरं सांगू? मला निसर्ग-बिसर्ग काही नको होता. मला त्या मोठ्या रस्त्याची भीती वाटते. एकोणीस मिनिटं उभा होतो मी त्या पट्टीवर. तुझ्याशिवाय मला मागे जाता येत नाही आणि त्या रस्त्यावर पुढे जाता येत नाही. झालं? बोल आता काहीतरी!"

समोर गाव आलं. मास्तरांनी चिंचोळ्या चौकात गाडी थांबवली, खाली उतरले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोसाठी स्वतःहून दार उघडलं.

आत बॅग होती.

मास्तरांनी शाल उचलली, टोपी उचलली, वाकून सीटखालीही पाहिलं. मग त्यांना टँकरवरच्या थापा आठवल्या. बाई परक्या मुलखात भिंतींच्या मधे उभी, हातात ना फोन, ना पाकीट, आणि आपण इथे बॅगेची माफी मागतोय!

गाडी वळवायला हवी होती. वळवायला मागे घ्यायला हवी. मागे घ्यायला बाई हवी. मास्तरांनी नकाशा बॉनेटवर पसरला. न वळता त्या भिंतींमधल्या गल्लीच्या तोंडाशी पोचायला एकच वाट होती: पुढे जाऊन महामार्गावर चढायचं आणि उलट दिशेने पहिल्या फाट्याला उतरायचं.

"अरे देवा," मास्तर म्हणाले.

तिरकी पट्टी आली. ट्रक तसेच सूं सूं जात होते. मास्तरांनी दिवा लावला, मनातल्या मनात बाईंच्या आवाजात "येऊ द्या, येऊ द्या" म्हटलं आणि पाय दाबला. कुणीतरी हॉर्न वाजवला, कुणीतरी जागा दिली. डोळे उघडले तेव्हा मास्तर महामार्गावर होते आणि जिवंत होते.

गल्लीच्या तोंडाशी पोचले तर गल्ली रिकामी. कुंपणापाशी एक शेतकरीण कुत्र्याला हाका मारत होती. मास्तरांनी हाताने पदर, अंबाडा, थाप, सगळं करून दाखवलं. शेतकरणीचा चेहरा उजळला.

"येवु द्या! येवु द्या!" ती म्हणाली, आणि हवेत भलंमोठं स्टिअरिंग फिरवून तळ्याच्या दिशेला बोट दाखवलं.

मास्तर परत महामार्गावर चढले. या वेळी डोळे उघडे होते.

तळ्याकाठच्या घरासमोर पोचले तेव्हा सज्ज्यात मास्तरीणबाई पाय वर घेऊन चहा पीत बसल्या होत्या.

"आलात?" त्या वरून म्हणाल्या. "टँकरची डेअरी याच गावात आहे. घराचं नाव सांगितलं, आणून सोडलं बिचाऱ्याने. हायवेने. काय रस्ता आहे हो! मी तासाभरात पोचले. खोली आपली."

मास्तर जिना चढून वर गेले आणि बाईंसमोर उभे राहिले.

"एवढा चेहरा पाडू नका. मला काही झालं नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी नाही हे कधी कळलं?"

"लगेच," मास्तर म्हणाले.

एवढ्यात खाली साडूंची गाडी आली. चाकं चिखलाने माखलेली, बंपरमध्ये काटेरी झुडपाची हातभर फांदी, छपरावर गवत. धाकटी उतरली ती कुणाकडे न बघता आत गेली.

"हायवेवर काम चालू होतं," साडू वर बघून म्हणाले. "सगळा बंद. म्हणून जरा आतून यावं लागलं."

आत्ताच दोनदा त्या महामार्गावरून आलेल्या मास्तरांनी तोंड उघडलं. ही संधी जन्मात एकदा येते. पण बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नका," त्या पुटपुटल्या. "टँकर उंच असतो. मला भिंतीपलीकडचं दिसत होतं. दोघं तेव्हाही आडरस्त्यालाच, शेतात गवताच्या गंजीला नाक लावून उभे होते बिचारे." आणि मग मोठ्याने, "हो का? अरेरे. पंख्याकडची खोली ठेवलीये हं तुमची!"

साडू फांदी उपटत राहिले. बाई मास्तरांकडे वळल्या.

"एवढा वेळ गाडीत एकटे. काय केलंत?"

"एकटा कुठे? बोलत होतो तुझ्याशी."

"काय?"

"हेच… टेकड्या वगैरे. आणि माफी मागितली."

"मी नसताना मागितलेली धरत नाही. पुन्हा मागा."

मास्तरांनी फोनचं सांगितलं, कुंडीचं सांगितलं, पोटदुखीचं सांगितलं आणि थांबले.

"येऊ द्या," बाई म्हणाल्या.

"एवढंच होतं."

"येऊ द्या, येऊ द्या. गाडीच्या कागदांवर तुम्ही नंबर माझा दिलात. गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या पडद्यावर गाडी कुठे आहे ते दिसतं म्हणे. फोन आला होता मला. 'गाडी एकोणीस मिनिटं पट्टीवर उभी आहे, बंद पडली का?' मी म्हटलं, यजमानांना निसर्ग आवडतो."

मास्तरांनी तळ्याकडे पाहिलं. मग खाली, साडू आत गेलेत ना याची खात्री केली.

"मला त्या रस्त्याची…"

"येऊ द्या…"

"…भीती वाटते. म्हणजे वाटायची. सकाळपर्यंत."

बाईंनी सज्ज्याच्या कठड्यावर एक थाप मारली.

"बास," त्या म्हणाल्या, आणि आपला चहा त्यांच्याकडे सरकवला.