कोरडा जॉइंट

गफूरचाचांनी मला फसवलं. सहा वर्षं फसवलं, तेही माझ्याच घरात जेवून.

चाचा जुन्नरचे पाईप फिटर. आमच्या निमगाव साव्यात लोक लोखंडी पाईप उपटून पीव्हीसी टाकायला लागले, तेव्हा चाचांशिवाय कुणाचं काम होत नसे. पाईप हातात आला की आधी ते त्याचा वास घेत. मग पेराने टकटक करून कान लावत. शेवटी टाच हाणत. पाईप चिरला की दुकानदाराला शांतपणे म्हणत, "ह्यो पाईप न्हाई. जुन्या चपला वितळवल्यात."

चांगल्या पायपाचं मात्र कौतुक संपत नसे. "लोखंड गंजतं, शिमिट पिचतं. ह्याला पानी चावत न्हाई, माती खात न्हाई. एका उन्हाला तेवढा भितो, राव." उन्हात पडून पाईप ठिसूळ होतो, हे त्यांना इतकं लागे, की एका लग्नात मांडवामागे नवे पाईप उघडे दिसले तर यांनी बैठकीची सतरंजी ओढून त्यांच्यावर घातली. वऱ्हाड मातीत बसलं. नवरदेवाचा मामा भांडायला आला, तर त्यालाच म्हणाले, "पावणं, तुमी उन्हानं तडकनार हाय का?"

दोन पाईप जोडायला मी विकतचा कपलर कधी घेतला नाही. चाचा गोणपाट पेटवून पायपाचं तोंड त्यावर फिरवत. ते मऊ पडलं की आत दुसरा पाईप सारत. "तापला की ऐकतो, गार झाला की शब्द फिरवत न्हाई. तुमच्या गावात असा मानूस दाखवा."

हे ते माझ्याकडे बघून म्हणत.

मी टोमॅटोच्या पाट्या डोक्यावर वाहून वर आलेला माणूस. चाचांशी सौदा केला तो असा: मजुरी एकदाच, पुढं कधीही गळलं तर दुरुस्ती फुकट, जेवण तेवढं माझं. चाचा लगेच "हो" म्हणाले. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

लाइन झाली आणि गळायला लागली. विहिरीवर नाही, शेतात नाही. परसदारी पाईप जमिनीतून वर येतो, तेवढ्या एकाच जॉइंटला. दर महिना-दोन महिन्यांनी. चाचा यायचे, गोणपाट पेटवायचे, पाईप हुंगायचे आणि म्हणायचे, "ह्याला हितली हवा मानवत न्हाई." मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसायचे. सुमन, माझी बायको, त्यांना आग्रह करकरून वाढायची. भाकरी दोन आणि वेळ दोन तास. मी बाहेर चरफडायचो, पण सौदा माझाच होता.

परवा ठिबक जोडायला मी तो जॉइंट कापायला घेतला. करवत लावायच्या आधीच तो हातात आला. आत सोल्युशनचा एक थेंब नव्हता. सोल्युशन लावलं की दोन पायपांचा एक होतो, पुन्हा सुटत नाही, हे चाचांनीच मला शिकवलेलं. हा कोरडाच खुपसलेला.

मी पाईप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "बघ तुझ्या चाचांचे धंदे."

सुमनने भाकरी उलटली. "त्यांना काय बोलू नका. त्यांनी नुस्ता कोरडा ठेवला. ओढून सुटा करायची मी."

मेहुण्याने मला जळकी मोटर विकली होती. त्या दिवसापासून सुमनच्या माहेराशी, महाळुंगे पडवळशी, येणं-जाणं मी बंद केलं, तिचंही. तिची आई तिथं अंथरुणाला खिळलेली, आणि तिथल्या मळ्यात काम चाचांचंच.

मी तडक जुन्नरला गेलो. चाचा ओसरीवर पायपांच्या बंडलावर पोतं पांघरत होते.

"भाऊ, बिनकामाचा मानूस तुमच्या घरात पाच मिनिटं तरी बसू दिला असता का?" त्यांनी विचारलं. "म्हातारी दर बारीला म्हनायची, सुमी काय खाती, बारीक झाली का ते नीट बघून ये. आता तिला वळखू यीना. मागल्या खेपेला मलाच 'सुमे' म्हनली. मी 'ओ' दिली. हे ताईला सांगितलेलं न्हाई मी."

तिथं भांडता आलं नाही याचाच राग घेऊन घरी आलो.

पण सोडणार नाही. गुरुवारी मी सुमनला घेऊन महाळुंग्याला जातोय. चाचांनी सकाळीच तिथं हजर राहावं, आणि सहा वर्षं माझा जॉइंट कोरडा का ठेवला याचा जाब म्हातारीच्या खाटेशी बसून, माझ्या मेहुण्यासमोर द्यावा.