बहात्तर किलोंची हवा

"अहो, परत बसला," बायको जमिनीवर गुडघे टेकून म्हणाली.

"किती?"

"निम्म्याहून जास्त."

ऑडिटर सायकलवरून उतरले आणि नव्या कोऱ्या फोर्ककडे त्यांनी, ऑफिसात खोटी पावती जोडणाऱ्या कारकुनाकडे पाहावं तसं पाहिलं. हेल्मेट, बूट, पाठीवर पाण्याची पिशवी असा सगळा जामानिमा करून ते भर बैठकीच्या खोलीत घामाघूम झाले होते. जामानिमा करूनच बसायचं, असं फोर्कच्या पुस्तिकेत लिहिलं होतं आणि लिहिलेलं पाळायचं हा ऑडिटरांचा धर्म होता.

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारे दोन दांडे. खड्डा आला की ते दबतात आणि दणका गिळतात. ऑडिटरांच्या जुन्या फोर्कमध्ये स्प्रिंग होती आणि ती बिचारी निमूटपणे दणके गिळत होती. पण सायकल ग्रुपच्या कॅप्टनांनी एकदा खाली वाकून "स्प्रिंग? अजून?" असं विचारलं. झालं, त्या दिवसापासून ऑडिटरांना अन्न गोड लागेना. शेवटी हवेचा फोर्क आला. त्यात स्प्रिंगऐवजी हवा भरायची. स्वार बसला की फोर्क पाव भाग दबायला हवा, आणि किती दबला ते दांड्यावरची रबरी कडी सरकून दाखवते. हवा किती भरायची याचा तक्ता दांड्यावरच चिकटवलेला होता: इतकं वजन, इतकी हवा. ऑडिटरांनी बहात्तर किलोच्या रांगेत बोट ठेवून सत्तरचा आकडा भरला होता.

"फोर्कच सदोष आहे," ते म्हणाले.

त्यांनी दांडा उघडून आतली हवेची जागा कमी करायला प्लास्टिकचे तुकडे टाकले. खालचा स्क्रू आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग मूळ जागी फिरवला. दुकानदाराला फोन लावला. "साहेब, याच्या वरचं मॉडेल घ्या, हे सगळं थांबेल," असं दुकानदाराने अत्यंत आपुलकीने सांगितलं. फोर्क मात्र बसतच राहिला. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, इथे तर अंगणाला नवी फरशी बसवणं चाललं होतं.

ऑडिटरांची घाई उगीच नव्हती. रविवारी टेकडीवर ग्रुपसमोर त्यांचं भाषण होतं, 'मी बावीस किलो कसे घटवले'. चौऱ्याण्णववरून बहात्तरवर आलेला ग्रुपमधला हा एकमेव पुरुष. त्या बावीसपैकी दोन किलो खरोखरच घटले होते. उरलेले वीस, एका चढावर धापा टाकत असताना कोणीतरी "वजन किती हो तुमचं?" असं विचारल्यावर, एका दमात घटले होते. दुसऱ्यांच्या आकड्यांत तीस वर्षं खोट काढणाऱ्या माणसाच्या तोंडून हा एकच खोटा आकडा निघाला आणि नेमक्या त्याच आकड्याला टाळ्या पडल्या. आता तो परत घ्यायचा कसा? आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना भिण्याऐवजी मान देत होते, आणि तो मान त्यांना फार म्हणजे फार आवडला होता.

बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. दिवसभर लोकांना काट्यावर चढवणं आणि त्यांच्या सबबी ऐकणं हेच तिचं काम. तिने तक्ता वाचला. मग नवऱ्याला वाचला.

"पंप द्या इकडे," ती म्हणाली.

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"बसा म्हटलं ना. आणि पोट आत घेऊ नका. त्याने वजन कमी होत नाही."

ती हवा भरत गेली. एकेका रांगेगणिक ऑडिटरांना उतरवत, बसवत गेली. शेवटी कडी बरोबर पाव भागावर थांबली.

"आता समोर काय लिहिलंय ते वाचा."

ऑडिटर हेल्मेटचा पट्टा सोडवू लागले.

"पंच्याण्णव हवा. म्हणजे ब्याण्णव किलो," तिनेच वाचलं. "वजनच करायचं होतं तर माझ्या दवाखान्यातला काटा फुकट होता हो!"

ऑडिटर चिडले. तरीही संध्याकाळी कॉलनीतल्या फुटक्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले, तर चाकाखाली लोणी अंथरल्यासारखं वाटत होतं. ते सुख सोडवेना. हवा आतमध्ये असते, बाहेरून कोणाला दिसणार? असा विचार करून त्यांनी पंच्याण्णव तसेच ठेवले.

रविवारी टेकडीच्या वाटेवर एक दगडांचा पट्टा लागला. सगळ्यांचे फोर्क खाड् खाड् वाजत होते. ऑडिटर मात्र तरंगत गेले. कॅप्टन मागून बघत होते. ग्रुपची शिट्टी त्यांच्या गळ्यात असल्यामुळे ते कॅप्टन. माथ्यावर पोचताच ते आपला आकडेवाला पंप काढत आले.

"वा! काय सेटिंग आहे! हवा किती ठेवलीत?"

"सत्तर."

"बहात्तर किलोला सत्तर. बरोबर. पण एकदा मोजतोच."

ऑडिटरांच्या तोंडचं पाणी पळालं. पंप लागला की पंच्याण्णव दिसणार, आणि तक्ता तर प्रत्येकाच्या दांड्यावर! ते पाठमोरे होऊन टोपण काढायला वाकले आणि त्यांनी नखाने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स! सगळं सुख एका श्वासात निघून गेलं.

"अरेरे, व्हॉल्व्ह गळतोय वाटतं," ते म्हणाले.

"गळू द्या, मी आहे ना!" कॅप्टनांनी सर्वांदेखत मोजून सत्तर हवा भरली. "बसा आता. सगळ्यांनी बघा रे, आदर्श सेटिंग कसं असतं ते."

नाही म्हणायला सबब सुचेना. ऑडिटर बसले. फोर्कही बसला. "जरा जोर द्या," कॅप्टन म्हणाले. ऑडिटरांनी जोर दिला. खाड्! कडी पार वरच्या टोकाला जाऊन चिकटली.

ऑडिटरांनी डोळे मिटून घेतले. भाषण संपलं, मान संपला, उद्यापासून पुन्हा कारकुनांची भेदरलेली तोंडं.

तेवढ्यात ग्रुपमधले दंतवैद्य खाकरले. "माझाही असाच बसतो."

"माझा बसतो तो उठतच नाही," वकील म्हणाले.

कॅप्टनांनी स्वतःच्या कडीवर घाईघाईने रुमाल टाकला. मग शिट्टी वाजवून त्यांनी निकाल दिला, "तक्ताच चुकीचा आहे. कंपनीने तो समुद्राकाठी बसून केलाय. इथे उंचावर हवा विरळ, तिला वजन पेलत नाही."

ऑडिटरांनी नोकरीत इतका पोकळ खुलासा कधी खपवून घेतला नव्हता. हा त्यांनी तत्काळ मंजूर केला. कंपनीला निषेधाचं पत्र पाठवायचं ठरलं. मग भाषण झालं, टाळ्या झाल्या, वकिलांनी तर उभं राहून वाजवल्या.

उतरताना प्रत्येक दगड ऑडिटरांच्या मनगटांची विचारपूस करत होता. अर्ध्या वाटेवर कॅप्टन सायकल शेजारी घेऊन आले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "एक विचारू? माझ्यासाठी नाही हो. मेहुण्यासाठी. त्याचं वजन जरा... ब्याण्णवच्या आसपास आहे."

ऑडिटरांनी मागे पाहिलं. दंतवैद्य आणि वकील बरोबर सायकलभर अंतर ठेवून, आपापल्या पाळीची वाट बघत येत होते.

"पंच्याण्णव भरायला सांगा," ऑडिटर मनापासून म्हणाले. "माझ्याही मेहुण्याचं तेवढंच आहे."