माडीवरचे मास्तर

आमच्या शेजारचे अण्णा रोज सकाळी माडीवरच्या भाडेकरूशी पाण्यावरून भांडायचे. "मास्तर, नळ बंद करा की. टाकी काय तुमच्या सासऱ्यानं भरलीया व्हय?" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. वरून उत्तर कधी येत नसे, कारण माडीवर भाडेकरूच नव्हता.

मी तोंडाची फटकळ. कुंपणावरून एकदा विचारलंच, "अण्णा, कुणाशी भांडताय?"

"मास्तराशी. लाजाळू हाय त्यो, दिसायचा न्हाय तुला." आणि शांतपणे शेवग्याच्या शेंगा मोडायला लागले.

जिन्याखाली एक जुना चपलांचा जोड असायचा. दिवसा गायब, मास्तर शाळेत गेलेले. दिवेलागणीला जोड परत जागेवर. अण्णाच ठेवत असणार, दुसरं कोण? पण ठेवताना मी त्यांना कधी बघितलं नाही, आणि त्या चपलांजवळून जाताना मी उगाच पदर सावरायचे.

अण्णांची सगळी नोकरी वारणानगरला, क्वार्टरमध्ये गेली. रिटायर झाल्यावर कोल्हापुरात हे दोन मजली घर बांधलं आणि वर्षाच्या आत काकू गेल्या. तेव्हापासून पुण्याचा मुलगा घर विकायच्या मागे लागला होता. वडिलांना तिकडच्या फ्लॅटवर न्यायचं त्याच्या मनात होतं. पण गिऱ्हाइकाला लागतं रिकामं घर. भाडेकरू एकदा बसला की त्याला उठवायला अर्धा जन्म कोर्टात जायचा, हे सगळ्यांना ठाऊक. खरा भाडेकरू ठेवायची अण्णांनाही भीती, उद्या घरच बळकावायचा. म्हणून त्यांनी हा मास्तर बसवला. मुलगा यायचा रविवारी, आणि मास्तर दर रविवारी नेसरीला गावी गेलेला असायचा. माडीला कुलूप. अण्णा मुलाला सांगायचे, "किल्ली त्येच्याजवळ. कुलूप तोडलंस तर त्यो कोर्टात जाईल, बघ बाबा."

पुढं अण्णांना न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवलं. घराच्या गेटची किल्ली माझ्याकडे. मुलानं डाव साधला आणि रविवार सोडून आडवारी, अगदी तिन्हीसांजेला गिऱ्हाईक घेऊन आला.

पावणं स्पष्ट बोलणारे. "रिकामं असंल तर आत्ता इसार देतो. माणसासकट घर घिऊन काय करू?"

मुलगा माझ्याकडे वळला. "शोभाताई, तुम्ही शेजारी राहता. खरं सांगा, वर कुणी राहतं का?"

आता मी काय बोलावं? अण्णा बरे होऊन परत येणार ते कुठल्या घरात, एवढंच डोक्यात आलं. म्हटलं, "राहतात की. काल रात्रीच खोकत होते."

पावण्यांची नजर जिन्याकडे गेली. "ह्या त्येच्याच चपला व्हय?" एवढं विचारून त्यांनी गाडीला किक मारली.

मी वळून बघितलं. जिन्याखाली जोड होता. सकाळी मी तिथंच झाडलं होतं, तेव्हा काही नव्हतं. गेटचं कुलूप आत्ता मीच काढलं होतं.

अण्णा घरी आल्यावर मी त्यांना हे सगळं हसत हसत सांगितलं. चपलांचं तेवढं सांगितलं नाही. वाटलं, म्हातारा खूश होईल. पण अण्णा हसले नाहीत.

"खोकला? कवापासनं?"

"अहो अण्णा, मी आपलं खोटंच..."

ते भिंतीला धरून उठले, आलं किसलं, चहा टाकला. कप दोन काढले. "वर कुणीतरी मास्तर ठिवू, बोलायला सोबत हुईल, असं तुझी काकू म्हणायची. मी इतकं दिस दवाखान्यात. त्येला च्या कुणी दिला असंल, पोरी?"

एक कप घेऊन ते जिन्याकडे वळले.

"द्या इकडं," म्हटलं, "तुम्हाला जिना चढवायचा नाही. मी देते नेऊन."

वर कुलूप होतं. कप उंबऱ्याशी ठेवला. "मास्तर, चहा ठेवलाय, गरम आहे तोवर घ्या," म्हणाले आणि मागे न बघता खाली आले.