साहेबांचं पथ्य

आप्पांच्या घरी जत्रेचं जेवण असलं, की पाहुणे ताट घेऊन आमच्या दारात येतात. मीठ मागायला. आप्पांच्या घरात मिठाचा खडा नाही. बोकडाचा रस्सा, आणि तोही मिठाविना! बोकडाचा जीव फुकट गेला म्हणायचा.

हे आप्पा आमचे शेजारी. पलटणीतून हवालदार होऊन परतले आणि एक कुत्रा पाळला. त्याचं नाव ठेवलं साहेब. जन्मभर साहेबांना सलाम ठोकले, आता एका साहेबाला साखळी लावून फिरवू, असा बेत असावा. पण कसलं काय! कुत्र्यालाही हे अहोजाहोच करतात. "साहेब, उठा की. भाकरी निवली बगा."

साहेब म्हातारे झाले, खोकायला लागले, तेव्हा आप्पांनी त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, वयामुळे हृदयाची झडप नीट मिटत नाही. तेव्हापासून आप्पा येईल-जाईल त्याला समजावतात, "हिरीवरच्या मोटरचा फुटवाल, म्हंजी तिचीबी झडपच, गळाया लागला, की पाणी मागं येतंय का न्हाई? तसं साहेबांचं रगत मागं येतंय. गोळ्या चालू हायत. खारट बंद. ऑर्डर म्हंजी ऑर्डर!"

अहो, मग कुत्र्याचं वेगळं काढा की! तर म्हणे, साहेब पंगतीत ताटाताटावर फिरतात, कुणाकुणावर पहारा ठेवायचा? म्हणून अख्खी पंगत पथ्यावर.

यंदा त्यांचे दाजी माझ्याकडून चिमूटभर मीठ घेऊन गेले. मीही बघायला मागोमाग गेले. दाजींनी मीठ लावलेली मटणाची फोड साहेबांपुढे टाकली मात्र, आप्पांनी कुत्र्याच्या जबड्यात हात घालून ती बाहेर काढली आणि दाजींना पंगतीतून उठवलं. सख्ख्या बहिणीचा नवरा! जत्रेला आलेला माणूस उपाशी गेला.

माझं डोकंच फिरलं. काकी, म्हणजे आप्पांची बायको, याच दुखण्यानं गेली. तिचीही झडपच. तिलाही डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. माणसं पांगल्यावर मी तोंडावर विचारलं, "आवं आप्पा, काकीसाठी एवढं पाळलं असतं तर?" लागावं म्हणूनच बोलले.

आप्पा चिडले नाहीत. साहेबांच्या ताटलीत भाकरी कुस्करत राहिले.

"एकदा तिनं कालवणात मीठ कमी टाकलं हुतं. म्या ताट सारलं. म्हनलं, हे आळणी कुणी खायाचं? दुसऱ्या दिशी मीठ बराबर पडलं. मग रोजच पडत गेलं. दोन दोन भांडी कोण चढवतंय? तीबी त्येच खायाची."

"काही बोलली नाही काकी?"

"न्हाई. आन तू काय खातीस, म्हून म्याबी इचारलं न्हाई."

त्यांनी ताटली साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी हुंगलं, तोंड फिरवलं आणि धापा टाकत अंगणाच्या कडेला जाऊन बसले. आप्पा ताटली उचलून त्यांच्या मागं गेले, गुडघे धरत खाली बसले.

"दोन घास खावा की, साहेब," म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. "म्या पाया पडतो तुमच्या. खावा."